आशावादाचा पाया

मनुष्य मूलतः चांगला आहे आणि म्हणून त्याचा उद्यांचा दिवस आजच्यापेक्षां बरा असेल, या मतास आशावाद म्हणतात. त्यावर हंसणें फार सोपें आहे. आपलें जग हेंच सर्व संभाव्य जगांत उत्तम, असें जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्झ यानें १७१० सालीं प्रतिपादिलें. १७५५ सालीं लिस्बन शहर भूकंपानें उद्ध्वस्त झालें, आणि १७५९ सालीं व्हॉल्तेअरनें या मताची यथेच्छ थट्टा केली. ती थट्टा रास्तच होती. जें आहे तेंच उत्तम म्हणणें हा आशावाद नव्हे. तो निव्वळ संतोष होय.

महाराष्ट्रानें याहून कणखर कल्पना पूर्वींच केलेली आहे. शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरी पुरी करतांना ज्ञानेश्वरांनीं दुष्टांचा नाश मागितला नाहीं. त्यांच्यांतील दुष्टपणा तेवढा जावा, असें मागितलें. दुष्टपणा आहे हें येथें मान्यच आहे. परंतु तो गेल्यावर मागें कांहीं चांगलें उरतें, ही श्रद्धा.

ही श्रद्धा व्यवहारांत टिकते काय, हें पाहावयाचें असल्यास श्रोत्यांनीं सोलापुरांतून अक्कलकोट रस्त्यानें जावें. वाटेंत टॉवेल व चादरी विणणारी अक्कलकोट रोड एमआयडीसी ही औद्योगिक वसाहत लागते. सोलापुरांतील पुष्कळ कष्टकरी घरांत पुरुष यंत्रमागावर जातो व स्त्री घरीं विड्या वळते. याच रस्त्यावर पुढें कुंभारी गांव आहे. तेथें विडी कामगार स्त्रियांच्या सहकारी संस्थेचीं १०,००० घरें उभीं राहिलीं, आणि १ सप्टेंबर २००६ रोजीं तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्तें तीं त्यांच्या स्वाधीन झालीं. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालीं कामगार संघटना यासाठीं अनेक वर्षें झगडली होती. वसाहतीस वारली आदिवासींच्या पुढारी गोदूताई परुळेकर यांचें नांव आहे. केंद्र व राज्य सरकारांनीं आपापला वाटा दिला; उरलेला या स्त्रियांनीं उचलला.

शंकेखोर म्हणेल, यांत चांगुलपणा कसला? प्रत्येकीस घर हवें होतें, हा स्वार्थच! परंतु निव्वळ स्वार्थाचा सल्ला निराळा असता: ‘आधीं दुसरीनें पैसे भरावे, भिंती वर आल्या म्हणजे मग आपण पाहूं.’ दहा हजारजणींनीं हेंच शहाणपण केलें असतें, तर एकही भिंत वर आली नसती. हजार विड्यांमागें मिळणाऱ्या मजुरींतून बाजूस काढलेला पैसा अशा कार्यांत अनोळखी सभासदांच्या भरंवशावर द्यावा लागतो. आधीं विश्वास, मग पुरावा. हा क्रम उलटा करतां येत नाहीं.

मात्र विश्वास आंधळा नसावा. म्हणूनच सहकारांत सभासदांचें रजिस्टर, हिशेब व सभा असतात. चांगुलपणानें त्यांत अपमान मानूं नये. ताण्याच्या सुतास खळ देतात ती सूत खोटें म्हणून नव्हे, तर मागावर त्यास ताण सोसावयाचा असतो म्हणून.

पुढें असंघटित कामगारांसाठीं कुंभारीसच ३०,००० घरांची रे नगर योजना निघाली, आणि १९ जानेवारी २०२४ रोजीं त्यांतील १५,००० घरांचें हस्तांतर झालें. पहिल्या विश्वासाचा पुरावा हा दुसऱ्या विश्वासाचें भांडवल ठरला. उद्यांचा दिवस आपोआप बरा होतो, असें यावरून सिद्ध होत नाहीं. तो बरा व्हावयाचा तर कोणीतरी आधीं हात सैल केला पाहिजे, आणि सामान्य माणसें तसा तो करतात, एवढें मात्र निश्चित सिद्ध होतें.