सातबारात न मावणारी शेती

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील शेतकऱ्याचे वर्ष सातबाराच्या उताऱ्यात मावत नाही. मृग नक्षत्रात तो पऱ्हे टाकतो, आषाढ-श्रावणात बांधीतल्या गुडघाभर चिखलात रोवणी करतो, दिवाळीच्या मागेपुढे धान कापून पुंजणी रचतो. येथपर्यंतचा त्याचा व्यवहार सरकारी दप्तरात शेती या सदराखाली नोंदला जातो. धान घरात आल्यानंतर उरलेल्या सहा-सात महिन्यांत हे कुटुंब कशावर जगते, याचा पत्ता त्या दप्तराला नसतो. हिवाळ्यात ते बांबू तोडते, फाल्गुन-चैत्रात पहाटेच्या अंधारात मोहफुले वेचते, वैशाखाच्या उन्हात तेंदूची पाने खुडून सत्तर-सत्तर पानांचे पुडके बांधते. चारोळी, हिरडा, बेहडा, डिंक आणि मध गोळा करते, आणि पावसाच्या पहिल्या सरींबरोबर कोवळे वास्ते खुडून आणते. या कुटुंबाचे अर्धे शेत बांधाच्या आत असते आणि अर्धे जंगलात असते. परंतु शासनाच्या दृष्टीने पहिले अर्धे कृषी खात्याचे व दुसरे अर्धे वन खात्याचे. ही दोन खाती एकमेकांशी क्वचितच बोलतात. या भागातील ग्रामीण दारिद्र्याचे एक मोठे कारण या विभागणीत दडलेले आहे.

ही विभागणी प्राचीन नाही. मालगुजारीच्या काळात गाव, तलाव आणि लगतचे रान हे एकाच व्यवस्थेचे घटक होते. ती व्यवस्था न्याय्य होती असे मुळीच नव्हे. मालगुजाराची वेठ आणि लहर गावाला सोसावी लागे. तरीही सरपण, काटे-कुंपण, घराची बल्ली, गुरांची चराई यांसाठी रानात जाण्याचा 'निस्तार' हा गावाचा हक्क समजला जाई. मध्यप्रांतातील मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली आणि मालगुजारांची जंगले व तलाव सरकारकडे आले. निस्ताराची नोंद कागदावर राहिली. पण रानाचा मालक बदलला. ज्या तलावांवर पिढ्यान्‌पिढ्या धानाचे ओलित होत होते, ते 'माजी मालगुजारी तलाव' म्हणून सरकारी यादीत गेले आणि गाळाने भरत राहिले. पाळ कोणी बांधावी, गाळ कोणी काढावा, याचा निर्णय गावाच्या हातून निसटला तो निसटलाच.

रानाच्या उत्पन्नाचीही तीच गत झाली. बल्लारपूरला कागद कारखाना उभा राहिला आणि चांद्याच्या जंगलातील बांबूला मोठे गिऱ्हाईक मिळाले. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने 'वृक्ष' या शब्दाच्या व्याख्येत बांबूचा समावेश केला होता. वनस्पतिशास्त्र ज्याला गवत म्हणते, ते कायद्याने झाड ठरले. आणि झाड ठरल्यामुळे ते सरकारचे झाले. कारखान्याला कराराने बांबू मिळे, बुरुडाला परवान्यावर मोजका मिळे, आणि ज्याच्या घरामागे बेट उभे आहे त्या शेतकऱ्याने ते तोडले तर तो गुन्हेगार ठरे. तेंदूपानांच्या व्यापारावर १९६९ च्या कायद्याने राज्याची मक्तेदारी आली. ठेकेदाराची पिळवणूक रोखणे हा त्या कायद्याचा हेतू चांगला होता, पण व्यवहारात पाने तोडणारा मजूरच राहिला. मालकी सरकारकडून लिलावाने पुन्हा ठेकेदाराकडेच जात राहिली.

मेंढ्याचा धडा

या पार्श्वभूमीवर धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंडवस्तीच्या लहानशा गावाने जे केले, त्याचे महत्त्व ध्यानात येते. १९८० च्या दशकात इचमपल्ली आणि भोपालपट्टणम् या धरणांच्या विरोधात 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन झाले. त्यातून या गावाला आपल्या प्रश्नांचा आपणच अभ्यास करण्याची सवय लागली. देवाजी तोफा यांच्यासारखे गावातील कार्यकर्ते आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे सोबती यांच्या प्रयत्नांतून तेथे अभ्यासगट चालू झाले, आणि ग्रामसभेचे निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेण्याची रीत पडली. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही या गावाची घोषणा पुढे सर्वत्र गाजली. घोषणा देणे सोपे असते. मेंढ्याचे वैशिष्ट्य असे की, घोषणेच्या मागे वर्षानुवर्षांच्या बैठका, नोंदवह्या आणि हिशेब होते.

वनहक्क कायदा संसदेने डिसेंबर २००६ मध्ये संमत केला व तो ३१ डिसेंबर २००७ पासून अंमलात आला. या कायद्याने बांबूची गणना गौण वनोपजात केली आणि सामूहिक वनहक्काची तरतूद केली. २००९ साली मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर हा हक्क मिळाला. देशात हा मान सर्वप्रथम मिळविणाऱ्या गावांपैकी ते एक होय. तथापि हक्काचा कागद हाती आला तरी बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना मिळेना. बांबू तोडण्याचा हक्क गावाचा, पण रस्त्यावरून तो नेण्याची मुभा वन खात्याची, असा हा विचित्र न्याय होता. अखेर मार्च २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी बांबूला गौण वनोपज मानण्याविषयी राज्यांना लिहिले, आणि २७ एप्रिल २०११ रोजी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्याचे पुस्तक मेंढ्याच्या ग्रामसभेच्या स्वाधीन करण्यात आले. त्या पुस्तकाने एका गावाला मजुराचा विक्रेता केले.

हक्क मिळताच गावकरी जंगल ओरबाडून टाकतील, अशी भीती त्या वेळी अनेक जाणत्यांनी व्यक्त केली होती. अनुभव वेगळा आला. बांबूच्या बेटातले यंदाचे व गेल्या वर्षीचे कोंब राखून जुने बांबूच तोडायचे, हा नियम मोडल्याने पुढच्या वर्षी आपलेच उत्पन्न बुडते, हे ज्याला कळते त्याच्यावर पहारा ठेवावा लागत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिंपरी तालुक्यातल्या पाचगावाने तर याहून पुढची मजल मारली. २०१२ साली सुमारे एक हजार हेक्टरांवर हक्क मिळाल्यावर या गावाने बांबूची विक्री स्वतः सुरू केली, आणि तेंदूपानांची तोडणी मात्र बंद केली. कारण पानांच्या हव्यासापायी झाडे छाटली जातात, रानाला वणवे लावले जातात आणि तेंदूचे फळ धरत नाही. हाती येणारा पैसा जंगलासाठी सोडून देण्याचा हा निर्णय कोणत्याही अधिकाऱ्याच्या आदेशाने झालेला नाही.

मेंढ्याने २०१३ साली १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली शेतजमीनही ग्रामसभेच्या स्वाधीन करण्याचे ठरविले. म्हणजे कृषी खाते आणि वन खाते यांनी जे दोन तुकडे केले होते, ते जोडण्याचा विचार त्या गावानेच केला. हा मार्ग प्रत्येक गावाला मानवेल असे नाही. पण रोगाचे निदान त्याने अचूक केले आहे.

हक्कानंतरचे प्रश्न

गडचिरोली जिल्ह्यात आज हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळालेले आहेत. देशात अन्यत्र क्वचितच दिसणारे हे यश आहे. परंतु हक्काचा कागद म्हणजे बाजारातील शक्ती नव्हे. तेंदूपाने आठ-पंधरा दिवसांत तोडावी, वाळवावी आणि बारदान्यात भरून उचलावी लागतात. भांडवल, गोदाम आणि बाजाराची माहिती ठेकेदाराजवळ असते. ग्रामसभेजवळ बहुधा यांपैकी काहीच नसते. काही हंगामांत ठेकेदारांनी संगनमताने दर पाडले, काही वेळा पाने उचलून नेली आणि रक्कम थकविली. अशा वेळी ग्रामसभेने दाद मागायची कोठे, याचे समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. शिवाय प्रत्येक गाव म्हणजे मेंढा नव्हे, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. जेथे अभ्यास आणि हिशेब यांची सवय नाही, तेथे ग्रामसभेच्या नावाने दोन-चार माणसेच करार करतात आणि गावाला फक्त बोनसाची रक्कम दिसते.

यावर उपायही याच मातीतून निघाला आहे. कोरची तालुक्यातील सुमारे ९० ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा स्थापन केली, आणि तीत गावोगावच्या स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने प्रतिनिधित्व दिले. एकटे गाव ठेकेदारापुढे याचक असते. नव्वद गावे एकत्र बसली म्हणजे ठेकेदाराला त्यांच्या दारात यावे लागते. सहकाराचे जे तत्त्व पश्चिम महाराष्ट्रात उसाला लागू झाले, ते येथे पानाला आणि बांबूला लागू होण्यास कोणतीही तात्त्विक अडचण नाही. अडचण आहे ती पतपुरवठ्याची.

धानाच्या बाजूलाही चित्र असेच आहे. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ च्या सुमारास आपल्या बांधीत काही वेगळ्या लोंब्या पाहिल्या, त्या निवडून वाढविल्या आणि त्यातून 'एचएमटी' हे धानाचे वाण सिद्ध झाले. मनगटी घड्याळाचे नाव धारण केलेला हा तांदूळ अनेक राज्यांत पोहोचला. दादाजींना मानसन्मान मिळाले. पण त्यांच्या वाणावर जो व्यापार उभा राहिला, त्याच्या मानाने त्यांच्या पदरात फारसे काही पडले नाही. ३ जून २०१८ रोजी ते निवर्तले तेव्हाही ते अल्पभूधारकच होते. ज्ञान गावाचे आणि नफा गावाबाहेरचा, ही तऱ्हा रानात आणि शेतात एकच आहे.

वाघ, हत्ती आणि खाण

चंद्रपूरच्या पूर्वेकडील सिंदेवाही, मूल, सावली, नागभीड, ब्रह्मपुरी या धानपट्ट्यात तर प्रश्न जिवावर बेतला आहे. ताडोब्याच्या संरक्षणाला यश आले, वाघांची संख्या वाढली, आणि प्रकल्पाच्या सीमेबाहेर वाघ वसले. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडण्यास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. त्या वाघ पाहण्यासाठी रानात गेल्या नव्हत्या. खरिपाच्या तोंडावर घरात चार पैसे यावेत म्हणून गेल्या होत्या. मृताच्या वारसांना २५ लाख रुपये देण्याची तरतूद शासनाने २०२३ पासून केली आहे. तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण भरपाई मृत्यूनंतर येते. 'जंगलात जाऊ नका' असा फलक लावणे सोपे आहे. न गेल्यास वैशाखात चूल कशी पेटायची, हे त्या फलकावर लिहिलेले नसते. २०२१ पासून छत्तीसगडातून आलेल्या रानटी हत्तींनी गडचिरोलीतील उभ्या धानात धुमाकूळ घालून या संकटात भरच घातली आहे.

याच पट्ट्यात वनहक्काची गती मंद आहे, हा योगायोग नव्हे. चंद्रपूरचा बहुतेक भाग अनुसूचित क्षेत्रात मोडत नाही. येथील धान पिकविणारी अनेक कुटुंबे आदिवासी नसून 'इतर पारंपरिक वननिवासी' आहेत, आणि १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करण्याची अट कायद्याने त्यांच्यावर घातली आहे. ज्याच्या आज्याला सही येत नव्हती, त्याने १९३० सालचा कागद आणावा, ही अपेक्षा आहे. परिणामी वाघाचा धोका ज्याच्या वाट्याला सर्वाधिक आला, त्याच्या वाट्याला रानाचा हक्क सर्वांत कमी आला.

दक्षिणेकडे एटापल्ली तालुक्यात सूरजागडचे लोहखनिज आहे. तेथील पहाड हे माडिया-गोंडांच्या ठाकूरदेवाचे स्थान आहे आणि दरवर्षी तेथे यात्रा भरते. २००७ साली दिलेल्या ३४८ हेक्टरांच्या पट्ट्यावर २०२१ पासून उत्खनन वेगाने चालू झाले. तरुणांना काम मिळाले, हे नाकारता येणार नाही. गडचिरोलीसारख्या मागास जिल्ह्याने उद्योगाला पाठ दाखवावी, असे कोणी म्हणणारही नाही. प्रश्न असा की, वनहक्क आणि पेसा या दोन्ही कायद्यांनी ज्या ग्रामसभेला बोलण्याचा अधिकार दिला, तिचे मत आधी घेतले जाते की मागाहून कळविले जाते. खनिज एकदाच निघते. बांबूचे बेट राखले तर दरवर्षी देते. दोहोंचा हिशेब एकाच वहीत मांडल्याशिवाय विकासाची बेरीज खरी मानता येत नाही.

काय करावयास हवे, हे फारसे गूढ नाही. धानाला ज्याप्रमाणे आधारभूत किंमत आणि खरेदी केंद्र आहे, त्याप्रमाणे ग्रामसभांच्या महासंघांना हंगामापूर्वी खेळते भांडवल आणि गोदाम मिळाले पाहिजे. ठेकेदाराने रक्कम थकविल्यास ती वसूल करून देण्याची जबाबदारी जिल्हा प्रशासनाने पत्करली पाहिजे. माजी मालगुजारी तलाव गाळ काढून ग्रामसभेच्या देखरेखीखाली यावेत, म्हणजे धानाचे दुसरे पाणी चुकणार नाही. वाघांच्या हालचालींची वनरक्षकांना मिळणारी माहिती तोडणीच्या दिवसांत रोज पहाटे गावाला मिळावी आणि कोणत्या दिवशी कोणत्या कक्षात जाऊ नये, हे दोघांनी मिळून ठरवावे. चंद्रपूरच्या धानपट्ट्यातील दावे केवळ कागदाअभावी फेटाळू नयेत. वडीलधाऱ्यांच्या जबानीचा पुरावा कायद्याच्या नियमांनाच मान्य आहे.

हे सारे घडेल की नाही, याची कसोटी दरवर्षी मे महिन्यात लागते. पानफळीवर स्त्रिया पुडके मोजून देतात आणि वहीत आकडे चढतात. त्या वहीचा मालक कोण, यावर या दोन जिल्ह्यांतील शेतकऱ्याचे भवितव्य अवलंबून आहे.