शिक्षक घडविणे हेही ज्ञानदानच

मुंबईच्या होरमसजी व जेरबानू वकील या पारशी दांपत्याने आपल्या दीना या कन्येसाठी १९४४ मध्ये शाळा काढली. तीच आजची शिवडीची जय वकील शाळा. इमारत देणगीतून उभी राहते. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांचा शिक्षक मात्र घडवावा लागतो. त्यासाठी विशेष शिक्षणाची दोन वर्षांची पदविका आहे आणि १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीही आवश्यक आहे.

हा शिक्षक शिकतो काय? कामाचे लहान टप्पे पाडणे. समजा, रहिमतपूरच्या एखाद्या किराणा दुकानातील मुलाला किलोभर साखर बांधायची आहे. पिशवी उघडणे, भरणे, तोलणे आणि गाठ मारणे. पहिले तीन टप्पे शिक्षक स्वतः करतो, शेवटची गाठ मुलाकडून मारवून घेतो. काम पुरे केल्याचा आनंद पहिल्याच दिवशी मुलाला मिळतो. मग एकेक मागचा टप्पा त्याच्याकडे येतो. कोणता टप्पा मदतीने, कोणता मदतीशिवाय, याची नोंद आपल्या रोजकीर्दीसारखी रोज होते.

घरी आपण मायेपोटी सारेच करून देतो. आपल्या पश्चात त्याचे काय, हा प्रश्न तसाच राहतो.

आपल्या परंपरेत ज्ञानदान श्रेष्ठ मानले आहे. गावातील एखाद्या होतकरू तरुणीच्या या पदविकेचे शुल्क भरणे, हेही ज्ञानदानच. त्यावर संगमरवरी पाटी लागणार नाही; पण एखादे मूल स्वतःच्या हाताने गाठ मारील.