जलपात्रातील 'समतोल' : एका संज्ञेची चिकित्सा

तळाशी माती व वाळू घालून, तीत पाणवनस्पती लावून आणि काही लहान मासे सोडून घरात ठेवलेल्या काचेच्या पेटीस मराठीत 'मत्स्यालय' हा शब्द रूढ आहे. शब्द सुटसुटीत आहे. परंतु पेटीतील ज्या घटकांवर माशांचे जगणे अवलंबून असते, त्यांपैकी एकाचाही निर्देश त्यात नाही. या पेटीविषयी हौशी माणसाची जी धारणा असते, तीही बहुधा अशीच अपुरी असते. वनस्पती प्राणवायू देतात, मासे तो घेतात. मासे कार्बन डायऑक्साइड सोडतात, वनस्पती तो घेतात. याप्रमाणे दोघांचा हिशेब परस्पर मिटून पेटीत 'समतोल' राहतो, अशी ती धारणा होय. तीवर विसंबून नवी पेटी मांडल्याच्या पहिल्याच दिवशी मासे सोडले जातात. वनस्पती हिरव्यागार असतात, पाणी स्फटिकासारखे स्वच्छ असते आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मासे मरू लागतात. दोष विक्रेत्याला दिला जातो, पाण्याला दिला जातो, क्वचित नशिबालाही दिला जातो. 'समतोल' या संज्ञेला मात्र कोणी जबाबदार धरीत नाही. ही संज्ञा कोठून आली, तिने काय दाखविले आणि काय झाकले, याचा विचार म्हणूनच आवश्यक ठरतो.

कल्पनेचे मूळ अठराव्या शतकातील वायूंच्या अभ्यासात आहे. मेणबत्ती जाळून दूषित झालेली हवा पुदिन्याच्या फांदीने पुन्हा ज्वलनयोग्य होते, हे जोसेफ प्रीस्टली यांनी इ. स. १७७२ मध्ये प्रसिद्ध केले. ही क्रिया केवळ प्रकाशात व केवळ हिरव्या भागांकडून घडते, हे यान इंगेनहाउझ यांनी १७७९ मध्ये दाखविले. हेच तत्त्व पाण्यातील जीवांना लावून पाहण्याचे काम लंडनच्या अपॉथेकरीज हॉलमधील रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८४९ मध्ये हाती घेतले. काचेवरील अबकारी कर इंग्लंडमध्ये १८४५ साली रद्द झाला होता व मोठी काचपात्रे आवाक्यात येऊ लागली होती, हीही गोष्ट येथे लक्षात घेण्यासारखी आहे.

वॉरिंग्टन यांचे पात्र सुमारे १२ गॅलनांचे, म्हणजे ५४ लिटरांच्या आसपासचे होते. (आज सर्वाधिक प्रचारात असलेली दोन फुटी पेटी, ६० × ३० × ३० सेंटिमीटर, हीही हिशेबाने ५४ लिटरांचीच भरते.) ते त्यांनी झऱ्याच्या साध्या पाण्याने निम्मेच भरले, तळाशी वाळू व चिखल घातला, चुनखडीचे सच्छिद्र दगड रचले आणि लंडनच्या हवेतील काजळी पडू नये म्हणून तोंडावर पातळ मलमल ताणून बसविली. चिखलात व्हॅलिस्नेरिया स्पायरॅलिस या पाणवनस्पतीचे एक रोप लावले व दोन लहान सोनमासे सोडले. प्रारंभी सर्व ठीक चालले. परंतु वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढुळले आणि काचेवर हिरवट बुळबुळीत थर चढू लागला. तेव्हा वॉरिंग्टन यांनी पाच-सहा पाणगोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने व थर खाऊन टाकला, शिवाय त्यांच्या अंड्यांचा व पिलांचा माशांना आहार झाला. मार्च १८५० मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे वॉरिंग्टन यांनी हे निवेदन सादर केले.

त्या निबंधाचे शीर्षक भाषेच्या अभ्यासकाने थांबून पाहावे असे आहे. प्राणिसृष्टी व वनस्पतिसृष्टी यांच्या संबंधांसाठी वॉरिंग्टन यांनी तेथे जो शब्द योजिला, त्याचा अर्थ 'जुळणी' असा आहे. 'तोल' असा नव्हे. जुळणी ही कोणीतरी करावयाची असते, ती बिघडल्यास पुन्हा करावयाची असते आणि तीत किती पक्ष असावेत याला मर्यादा नसते. गोगलगायींचा प्रवेश हा अशा जुळणीचाच भाग होता. पुढे मात्र जुळणीच्या जागी तोल आला. तोल म्हटला की तराजू आला व तराजूला पारडी दोनच असतात. एकात मासा बसला, दुसऱ्यात वनस्पती बसली आणि तिसऱ्याला जागा उरली नाही. शिवाय तराजू एकदा स्थिर झाला की हात लावण्याचे कारण राहत नाही. पाणी कधीही न बदलता वर्षानुवर्षे चालणारे पात्र हा छंदाचा आदर्श झाला, तो या रूपकाच्या बळावर.

त्याच काळात या वस्तूला नावही मिळाले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये मत्स्यगृह उघडले गेले आणि त्याच्याशी निकटचा संबंध असलेले निसर्गशास्त्रज्ञ फिलिप हेन्री गॉस यांनी १८५४ च्या आपल्या ग्रंथाद्वारे 'अक्वेरियम' हा शब्द लोकप्रिय केला. तत्पूर्वी 'व्हायव्हेरियम' हा शब्दही चालत असे. अभिजात लॅटिनमध्ये 'अक्वेरियम' म्हणजे गुरांना पाणी पाजण्याची जागा. गॉस यांच्या वाचकांना गुरांची आठवण झाली नाही हे शब्दाचे भाग्य; तरी निदान पाण्याचा निर्देश त्यात आहे, एवढे श्रेय त्याला दिले पाहिजे.

आता तराजूच्या दोन पारड्यांची परीक्षा केली पाहिजे. प्रथम प्राणवायू. २५ अंश सेल्सियस तापमानाच्या गोड्या पाण्यात हवेच्या संपर्काने लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला राहू शकतो. ३० अंशांवर हे प्रमाण ७.५ च्या जवळ येते. हा पुरवठा मुख्यतः पृष्ठभागातून होतो व तो रात्रंदिवस चालू असतो. वनस्पतींचा पुरवठा दिवसाचाच. रात्री त्याही माशांप्रमाणे प्राणवायू घेतात. भरगच्च लागवडीच्या पेटीत पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडताना दिसतात, त्याचे कारण हेच. जेम्स अॅट्झ यांनी १९४९ मध्ये समतोल जलपात्राची कल्पना ही दंतकथाच असल्याचे प्रतिपादन केले, ते प्रामुख्याने याच मुद्द्यावर. पृष्ठभाग पुरेसा रुंद असेल तर वनस्पतीविनाही माशांना प्राणवायू मिळतो. तो अपुरा असेल तर वनस्पती रात्री उपयोगी पडत नाहीत.

तथापि नव्या पेटीतील मासे बहुधा प्राणवायूवाचून मरत नाहीत. ते आपल्याच उत्सर्गाने मरतात. माशांच्या शरीरातील नायट्रोजनचा त्याज्य भाग मुख्यत्वे कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने बाहेर पडतो. उरलेले अन्न व कुजणारी पाने त्यात भर घालतात. या अमोनियाचे पुढे काय होते, हा प्रश्न दोन पारड्यांच्या हिशेबात उपस्थितच होत नाही. त्याचे उत्तर जलपात्रातून न येता शेतातून व सांडपाण्यातून आले. श्लोसिंग व म्युन्ट्झ या फ्रेंच संशोधकांनी १८७७ मध्ये वाळू व चुनखडी यांच्या थरातून सांडपाणी झिरपू दिले. काही काळाने त्यातील अमोनियाचे नायट्रेट होऊ लागले आणि क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ती क्रिया थांबली. म्हणजे ती सजीवांची क्रिया होती. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे याच प्रश्नाचा १८७८ पासून चिकाटीने पाठपुरावा करणाऱ्या कृषिरसायनज्ञाचे नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. काचपात्रवाल्या वॉरिंग्टन यांचे हे पुत्र. अमोनियाचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट होते आणि ही दोन कामे दोन भिन्न प्रकारचे जीव करतात, हे त्यांनी प्रयोगांनी निश्चित केले. ते जीवाणू शुद्ध रूपात वेगळे करण्याचे यश १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राड्स्की यांना लाभले. पित्याच्या पात्रात तीस वर्षांपूर्वी जे निमूटपणे घडत होते, त्याचे स्पष्टीकरण पुत्राने मातीत शोधले.

जलपात्रांतील या सूक्ष्मजीवांची ओळख मात्र अगदी अलीकडची आहे. नायट्राइटचे नायट्रेट करणारा म्हणून पाठ्यपुस्तकांत नायट्रोबॅक्टरचे नाव सांगितले जाई. गोड्या पाण्याच्या पेट्यांत ते काम नायट्रोस्पायरा करतात, हे १९९८ मध्ये दाखविण्यात आले. अमोनियाच्या बाबतीत कित्येक पेट्यांच्या गाळणीत जीवाणूंपेक्षा आर्किया या गटातील जीवांचेच प्राबल्य असते, असे २०११ मध्ये आढळले. आणि दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणाऱ्या नायट्रोस्पायरांचा शोध २०१५ मध्ये लागला, तेव्हा त्यांचा एक नमुना मत्स्यपालनाच्या गाळणीतूनच मिळालेला होता.

प्रश्न किती गंभीर आहे, हे एका हिशेबावरून कळेल. माशांच्या कोरड्या खाद्यात ४० टक्के प्रथिने धरली, तर ०.२ ग्रॅम खाद्यातून सुमारे १३ मिलिग्रॅम नायट्रोजन पाण्यात येतो. त्यातील १० मिलिग्रॅम अमोनियाच्या रूपाने सुटला असे मानल्यास, ५० लिटर पाण्यात दररोज लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम व आठवड्यात १.४ मिलिग्रॅम भर पडते. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो : विद्युद्भारित अमोनियम, जे तुलनेने निरुपद्रवी, आणि मुक्त अमोनिया, जो कल्ल्यांना जाळतो. पाण्याचा सामू ७ असेल तर २५ अंशांवर मुक्त अमोनियाचा वाटा जेमतेम ०.६ टक्का असतो. सामू ८ झाला की तोच वाटा ५ टक्क्यांच्या वर जातो. तेच पाणी, तेच मासे, तेवढेच खाद्य. विष मात्र नऊपट. येथे एक विपरीत गोष्टही संभवते. जोमाने वाढणारी वनस्पती दुपारी पाण्यातील कार्बन डायऑक्साइड ओढून घेते व त्यामुळे सामू वर चढतो. ज्या हिरवाईच्या भरवशावर मासे सोडले, तिच्याच व्यापाराने पेटीतील अमोनिया अधिक जहाल होतो. पुढे अमोनिया ओसरून नायट्राइट वाढले की ते रक्तातील हिमोग्लोबिनचे ऑक्सिडीकरण करून त्याची प्राणवायुवाहक शक्ती हिरावून घेते आणि प्राणवायूने संपृक्त पाण्यातही मासा गुदमरतो. आवश्यक सूक्ष्मजीवांची वसाहत पुरेशी वाढण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. मासे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात का मरतात, याचे उत्तर यात आहे.

या ज्ञानाच्या प्रकाशात वॉरिंग्टन यांच्या पात्राकडे पुन्हा पाहिले असता त्याच्या यशाची कारणे निराळी दिसू लागतात. तळाच्या चिखलाबरोबर सूक्ष्मजीव आयतेच आले. पात्र निम्मे भरलेले असल्याने सुमारे २७ लिटर पाण्याला रुंद पृष्ठभाग मिळाला, आणि मलमल काजळी अडवीत असली तरी हवा अडवीत नव्हती. चुनखडीच्या दगडांनी बायकार्बोनेट पुरविले. व्हॅलिस्नेरिया ही बायकार्बोनेटमधूनही कार्बन मिळवू शकणाऱ्या वनस्पतींपैकी आहे आणि नायट्रीकरणात खर्ची पडणारी पाण्याची अल्कतादेखील त्या दगडांनी भरून निघत असावी. मासे दोनच होते. यांतील पुष्कळशा गोष्टी निबंधात नमूद आहेत. पण त्या पात्राचे वर्णन म्हणून, कारणे म्हणून नव्हे. वाचकांनी वर्णन विसरून सिद्धान्त तेवढा उचलला.

तर मग वनस्पतींचे कार्य ते काय? ते मोठे आहे. फक्त ते प्राणवायूपुरते नाही. अनेक पाणवनस्पती नायट्रेटपेक्षा अमोनियम अधिक पसंत करतात, म्हणजे सूक्ष्मजीवांच्या वसाहतीची वाट न पाहता त्या विषावर थेट हात टाकतात. डायना वॉल्स्टॅड यांनी १९९९ च्या आपल्या ग्रंथात याच गुणावर भर देऊन, वाळूखाली साधी बागेतील माती, भरपूर लागवड व मोजके मासे अशी पद्धती मांडली. जपानचे ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांचा मार्ग वेगळा. तीव्र प्रकाश, बाहेरून सोडलेला कार्बन डायऑक्साइड, खते, कात्री व वारंवार पाणीबदल यांच्या साहाय्याने त्यांनी पेटीत निसर्गदृश्ये उभी केली. हवेच्या संपर्कातील पाण्यात लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास असणारा कार्बन डायऑक्साइड या पद्धतीत वीस-तीस मिलिग्रॅमपर्यंत नेला जातो. हा आकडा पाहिला की त्या दृश्यांना 'नैसर्गिक' हे विशेषण किती सैलपणे लावले जाते ते ध्यानात येते. दोन्ही मार्गांत नायट्रोजन बाहेर काढावाच लागतो, छाटलेल्या पानांच्या रूपाने किंवा बदललेल्या पाण्याच्या रूपाने. रोज बाहेरून खाद्य पडणाऱ्या पेटीस बंद तराजू म्हणणे मुळातच गैर होते.

महाराष्ट्रात हा छंद करणाऱ्याला आणखी दोन-तीन अडचणी येतात. नगरपालिकेच्या नळाचे पाणी क्लोरिनयुक्त असते व क्लोरिन माशांप्रमाणेच सूक्ष्मजीवांनाही घातक. म्हणून ते शिळे करून अथवा सोडियम थायोसल्फेटने निर्धोक करून वापरावे लागते. विंधन विहिरीचे पाणी पुष्कळदा दुष्फेन व उंच सामूचे असते, आणि सामूचे परिणाम वर सांगितलेच आहेत. उन्हाळ्यात पाणी तापून प्राणवायू उणावतो, तेव्हा पृष्ठभागावर वारा घालणारा लहान पंखा वनस्पतींपेक्षा अधिक कामाचा. विकत आणलेली रोपे बहुतेक पाण्याबाहेर वाढविलेली असतात. पाण्याखाली जाताच त्यांची जुनी पाने विरघळून कुजतात व नवी फुटतात. कोकणातील ओढ्यांत आढळणाऱ्या क्रिप्टोकोराइनच्या वर्गातील वनस्पती या बाबतीत विशेष प्रसिद्ध आहेत. अशी पाने न काढणे म्हणजे मासे नसतानाच अमोनिया पेरणे होय.

शेवटी एक शब्दाचीच अडचण. दगडावरचा हिरवा बुळबुळीत थर, भिंतीवरची हिरवी लव आणि तळ्यात वाढणारी मुळे-पाने असलेली पाणवनस्पती या सर्वांना मराठी 'शेवाळ' म्हणते. पहिले जलपात्रात नको असते, शेवटचे हवे असते; आणि 'शेवाळ वाढू देऊ नका' असा सल्ला ऐकून हौशी माणूस कधी कधी दोन्हीही उपटून काढतो. शिल्लक राहते ते केवळ मत्स्यालय. याउलट, पेटीत प्रथम वनस्पतीच लावून, कुजकी पाने वेचीत महिनाभर थांबावे. चिमूटभर खाद्य टाकूनही अमोनिया व नायट्राइट ही दोन्ही दुसऱ्या दिवशी चाचणीत शून्य दिसू लागली, की दोन मासे सोडावेत आणि पुढील दोन आठवडे चाचणी चालू ठेवावी.