काटेरी रूममेट

सकाळी आठची बस, रात्री नऊला घरी आणि वीकेण्डला गाव. अशा रुटीनमध्ये झाडं कोण सांभाळणार? म्हणून मग खिडकीत फड्या निवडुंग येतो. हिंगोली-वाशिम रस्त्यावरच्या कनेरगाव नाक्याकडून नोकरीसाठी पुण्यात आलेल्या एखाद्या मित्राला ही कुंडी दाखवा, तो आधी हसेल. बांधावरच्या झुडपाचं कसलं कौतुक!

गंमत म्हणजे बांधावर कुणी ढुंकूनही न बघता वाढणारा हा गडी फ्लॅटमध्ये आला की सडतो. दुर्लक्षाने नाही, लाडाने. मनीप्लांटसोबत रोज त्यालाही ग्लासभर पाणी दिलं, की खेळ खल्लास.

त्याचे हिरवे फडे म्हणजे पानं नव्हेत, ते खोड. पाण्याची टाकीच म्हणा ना! पानांचे झाले काटे. शिवाय हवा घेण्याची छिद्रं तो रात्री उघडतो, त्यामुळे उन्हात पाणी उडून जात नाही. सो, फंडा सिंपल आहे. माती तळापर्यंत सुकली की भरपूर पाणी, मग पुन्हा विसरा. उन्हाळ्यात दहा-पंधरा दिवसांनी, थंडीत महिन्यातून एकदा पुरतं. पावसाळ्यात कुंडी सरळ आडोशाला. कुंडी मातीची, तळाला भोक असलेली. आत निम्मी जाड वाळू. आणि रोज पाच-सहा तास ऊन हवंच. एसी ऑफिसमधल्या डेस्कवर त्याचे फडे लांबुडके, फिकट होत जातात. तिथे त्याला नेऊच नका.

फडा सुरकुतला तर तहान लागलीय. बुडाशी मऊ, पिवळा पडला तर सड लागलीय. तरी टेन्शन नको. वरचा धडधाकट फडा कापा, आठवडाभर सावलीत ठेवा आणि जखम सुकली की नव्या वाळूमातीत उभा करा. कापल्यावर पांढरा चीक आला तर मात्र जपून! तो त्रिधारी निवडुंग किंवा त्याचा भाऊबंद, कॅक्टस नव्हेच. तो चीक डोळ्यांना घातक.

मोठे काटे दिसतात तरी. त्यांच्या बुडाशी केसासारखी बारीक कुसं असतात, ती छळतात. कुंडी बदलताना फडा वर्तमानपत्राच्या जाड घडीत धरा. कुसं घुसलीच तर आधी चिकटपट्टी, मग चिमटा. घरात रांगतं बाळ असेल तर हे झाड नकोच.

‘काटेरी झाड घरात ठेवू नये’ असं आई म्हणेलच. तिला नाना पेठेतला निवडुंग्या विठोबा दाखवा. तुकोबांची पालखी पुण्यात मुक्कामाला असते ती याच देवळात!

कधी फड्यावर कापसासारखे पांढरे ठिपके दिसतील. एक चिरडा, बोट लालभडक होईल. हा कोचिनील किडा. याच रंगाच्या धंद्यासाठी १७९५ मध्ये इंग्रजांनी ब्राझीलहून किडे कोलकात्याला आणले, पण आली ती हलकी जात. पुढे १९२६ मध्ये श्रीलंकेहून दुसरी जात आणून दक्षिण भारतात मुद्दाम सोडली, माजलेला निवडुंग संपवायला. तिने मैलोन्‌मैल निवडुंग फस्त केला. तुमच्या एका कुंडीला कितीसा वेळ लागणार? तेव्हा ठिपका दिसला की त्याच दिवशी स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा, कुंडी इतर निवडुंगांपासून लांब ठेवा आणि आठवड्याने पुन्हा बघा. सांध्यांत लपलेले एक-दोन सापडतातच.