चांगला किरायादार टिकावा म्हणून

लातुरात जून उजाडला, की औसा रस्त्यापासून अंबाजोगाई रस्त्यापर्यंतच्या वस्त्यांत 'खोली किरायाने देणे आहे' अशा पाट्या झळकू लागतात, आणि मुलाला अकरावीला घालण्यासाठी खेड्यांतून आलेले आईबाप दाखल्यांची पिशवी काखेत मारून दारोदार चौकशी करीत हिंडतात. नांदेडात भाग्यनगर, श्यामनगरकडे हेच दृश्य दिसते, तर विष्णुपुरीच्या वाटेवर अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालयांमुळे बिऱ्हाडांची ये-जा बारमाही चालू असते. या दोन्ही शहरांत खोलीला माणूस मिळणे ही अडचण उरलेली नाही. अडचण आहे ती मिळालेला भला माणूस टिकण्याची, आणि त्या बाबतीत आपले घरमालक, खेदाने म्हणावे लागते, फारच बेफिकीर आहेत.

महिना 6,000 रुपये किरायाच्या दोन खोल्यांचा हिशेब करून पाहा. अकरा महिने सरले म्हणून मालकाने 500 रुपये वाढवून मागितले, आणि पाच तारखेच्या आत पैसे देणारा, भिंतीला खिळा ठोकण्यापूर्वीही विचारणारा एखादा शिक्षक बिऱ्हाड उचलून निघून गेला, तर त्या खोल्या एक महिनाभर जरी रिकाम्या राहिल्या तरी वर्षभरात मिळणारी सगळी वाढ, म्हणजे तेच 6,000 रुपये, त्या एका महिन्यात बुडतात; रंगसफेदी आणि दलाली यांचा खर्च निराळाच. नियमित भाडेकरूच्या भाड्यात दर वर्षी 4 टक्के वाढ कायद्यानेच मान्य केली आहे. तेवढी, म्हणजे या उदाहरणात 240 रुपये, आधी सांगून घेतली तर कोणी शहाणा किरायादार घर सोडीत नाही.

अकरा महिन्यांच्या या रूढीचे मूळ भीतीत आहे. निजामी अमल संपल्यावर मराठवाड्यातील घरभाड्याचे व्यवहार 1954 च्या हैदराबाद भाडे नियंत्रण कायद्याखाली आले, आणि 31 मार्च 2000 रोजी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 अमलात येईपर्यंत येथे तोच कायदा चालला; किरायादार एकदा आत आला म्हणजे कोर्टाच्या पायऱ्या झिजविल्याखेरीज बाहेर निघत नाही, ही धास्ती जुन्या मालकांच्या मनात त्या काळापासून घर करून आहे. एक वर्षाच्या आतला भाडेपट्टा नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदवावा लागत नसे, म्हणून अकरा महिन्यांची पळवाट सापडली. परंतु नव्या अधिनियमाच्या कलम 55 ने ती बुजविली आहे: करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे, ती जबाबदारी मालकाची आहे, आणि नोंदणी नसेल तर किरायादार सांगेल त्या अटी, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. मुद्रांकावर चार ओळी खरडून निर्धास्त झालेल्या मालकाला हे बहुधा ठाऊकच नसते. याउलट, नोंदविलेला लीव्ह अँड लायसन्स करार 60 महिन्यांपर्यंतचाही करता येतो, आणि मुदत संपूनही जागा सुटली नाही तर कलम 24 अन्वये सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. ज्याला आपले कुटुंब स्थिर करावयाचे आहे त्याला तीन वर्षांची हमी देण्यात मालकाचे काहीच जात नाही.

तथापि आमच्या भागात माणूस टिकतो वा जातो तो कागदापेक्षा पाण्यावर. 2016 चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत: मांजरा धरण कोरडे पडले होते, मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वेगाडी पाणी घेऊन आली, तिच्या पहिल्या खेपेला दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. त्या दिवसांत पुष्कळ मालकांनी बोअरच्या मोटारीला कुलूप घातले, आणि पुष्कळ बिऱ्हाडे गावाकडे परतली. आम्ही ज्या घरात किरायाने राहत होतो त्या घरच्या काकू मात्र टँकर आला, की मध्यरात्रीसुद्धा बॅटरी घेऊन हौदाच्या कठड्यावर येऊन बसत. तीन बिऱ्हाडे आणि त्यांचे स्वतःचे घर अशा चौघांच्या घागरी त्या स्वतः मोजत, प्रत्येकाला बारा. उरलेच तर वरच्या मजल्यावर बाळंतीण होती तिला दोन अधिक. आपल्या घरासाठी तेरावी घागर त्यांनी भरलेली मी पाहिली नाही. त्या उन्हाळ्यात त्या घरातले एकही बिऱ्हाड हलले नाही.

जीवनावश्यक सोयी सबळ कारणाविना तोडण्यास कायद्याने मनाई आहे, दुरुस्तीची जबाबदारीही मालकावर आहे, आणि भाड्याची लेखी पावती द्यावी लागते. पण काकूंना ही कलमे माहीत होती असे मला वाटत नाही. नळाचा वायसर गेला तर दुसऱ्या दिवशी प्लंबर येई, आणि खोली पाहावयाची असली तर त्या आदल्या दिवशी निरोप धाडीत.

आणखी एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. जात विचारून, धर्म विचारून, एकटी बाई आहे म्हणून दारातूनच परतविणारे मालक या दोन्ही शहरांत आहेत. दहा दारांवरून नकार घेऊन आलेल्या माणसाला अकराव्या दारी मानाने जागा मिळाली, तर तो ते घर सहजासहजी सोडीत नाही, हे त्यांनी एकदा अनुभवून पाहावे.

या जूनमध्ये ज्यांच्या खोल्यांचे करार सरणार आहेत, त्यांनी किराया वाढविण्याचा विचार करण्यापूर्वी वर जाऊन किरायादाराला एवढेच विचारावे, की पाणी पुरते का आणि काही मोडले आहे का. काकूंच्या वरच्या मजल्यावरचे ते बाळ आता शाळेत जाते, आणि त्याचे आईबाप अजून त्याच दोन खोल्यांत राहतात.