कोयता : अवजार केव्हा, शस्त्र केव्हा?

हत्यार उघडपणे जवळ बाळगून बाजारात किंवा दुकानात जावे की नाही, हा वाद अमेरिकेत बंदुकीभोवती फिरतो. अहिल्यानगर जिल्ह्यात मात्र तोच प्रश्न कोयत्याच्या रूपाने उभा राहतो. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांबरोबर हे पाते उघडेच प्रवास करते, आणि वाटेवरच्या किराणा दुकानात मीठ-मिरची घ्यायला उतरलेल्या मजुराच्या हाती ते दिसले, तरी गल्ल्यावरचा दुकानदार बिचकत नाही. तेच पाते एखाद्या तरुणाने सदऱ्याआड दडवून त्याच दुकानात आणले, तर मात्र पोलिसांना कळवले जाते. लोखंड तेच आणि धारही तीच असताना हा फरक नेमका कशात आहे, याचे उत्तर शोधताना कायद्याइतकीच ऊसतोडीची रीतही समजून घ्यावी लागते.

बंदुकीची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. अमेरिकेतील अनेक राज्यांत बंदूक उघडपणे बाळगणे कायदेशीर असल्याने दुकानमालकांनाच निर्णय घ्यावा लागतो. स्टारबक्सने 2013 मध्ये ग्राहकांना बंदुका आणू नका अशी विनंती केली, आणि एल पासो येथील वॉलमार्टच्या दुकानात 3 ऑगस्ट 2019 रोजी झालेल्या गोळीबारात 23 जणांचा बळी गेल्यानंतर त्या कंपनीनेही पुढच्याच महिन्यात तशीच विनंती केली. भारतात शस्त्र अधिनियम, 1959 प्रमाणे बंदुकीला परवाना लागतो, आणि शस्त्र नियम, 2016 मधील नियम 32 सांगतो की परवानाधारकाने सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल नेताना ते त्यासाठी बनवलेल्या म्यानात, पूर्ण झाकून आणि आपल्या ताब्यात राहील असेच न्यावे, तसेच ते परजू नये. म्हणजे परवाना हा जवळ बाळगण्याचा असतो, मिरवण्याचा नव्हे. शेजारच्या बीड जिल्ह्यात डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येनंतर परवान्यांच्या संख्येवर आणि पिस्तुलांच्या जाहीर प्रदर्शनावर जो क्षोभ उसळला, तो या तरतुदीची अंमलबजावणी किती सैल होती हेच दाखवणारा होता.

कोयत्याची गोष्ट याहून पुष्कळ गुंतागुंतीची आहे. 1959 च्या अधिनियमातील शस्त्राच्या व्याख्येत धारदार व प्राणघातक हत्यारे येतात. परंतु केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी घडवलेल्या वस्तू तिच्यातून वगळलेल्या आहेत, आणि त्याचे उदाहरण म्हणून तिथे लाठीचा व साध्या हातकाठीचा उल्लेख आहे. नियमांच्या अनुसूचीतही नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांची हत्यारे शस्त्र म्हणून मोजताना घरगुती, शेती, वैज्ञानिक व औद्योगिक उपयोगाची पाती बाजूला ठेवली आहेत. ही सवलत या जिल्ह्यासाठी केवळ कागदावरची नाही. 1950 मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिल्यापासून येथील मोठ्या भागाचे अर्थकारण ज्या उसावर चालते, तो ऊस आजही बहुतांशी या पात्यानेच तोडला जातो.

ऊसतोडीत कोयता हे अवजाराचे नाव आहे, तसेच ते माणसे मोजण्याचे मापही आहे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा मजूर म्हणजे अर्धा कोयता, आणि मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा मध्यस्थ, हंगामापूर्वी जी उचल देतो, ती आगाऊ रक्कमही कोयत्यामागेच ठरते. ज्या माणसांची ओळखच पात्याच्या नावाने होते, त्यांना ते घरी ठेवून या असे सांगणे म्हणजे कामच सोडून द्या असे सांगण्यासारखे आहे. पात्याची घडणही कामाने ठरवलेली असते. ऊस बुडख्याशी, जमिनीलगत तोडावा लागतो, कारण खालच्या कांड्यांत साखर अधिक असते आणि खोल तोडलेल्या खोडातून खोडव्याचे फुटवे जोमदार येतात. त्यामुळे वाकून मारलेला घाव एका दमात आरपार जाईल इतके वजन आणि इतकी धार पात्याला द्यावी लागते. गावोगाव पाल ठोकून भाता व ऐरण मांडणारे घिसाडी आणि गावचे लोहार हे काम करतात. लोखंड तापवून ठोकल्यावर त्याला पाणी द्यावे लागते, म्हणजे तापलेले पाते नेमक्या क्षणी थंड करून त्यात कठीणपणा आणावा लागतो. पाणी कमी पडले तर धार वळते आणि जास्त झाले तर पाते तडकते. पुढे फडात मजूर स्वतः कानशीने धार काढतो. ही कारागिरी जितक्या आदराला पात्र आहे, तितका तिला क्वचितच मिळतो.

खंडेनवमीला या प्रदेशात तलवार आणि कोयता, बंदूक आणि नांगर यांची पूजा एकाच हळदीकुंकवाने होते, परंतु राज्यसत्तेने या वस्तूंत भेद करण्याचे काम फार पूर्वीच सुरू केले. 1857 मध्ये भागोजी नाईक यांच्या नेतृत्वाखाली भिल्लांनी नगर-नाशिकच्या डोंगराळ पट्ट्यात उठाव केला आणि त्यात नगरचा पोलीस अधीक्षक हेन्री मारला गेला. उठावाच्या त्या धास्तीतून 1878 चा शस्त्र कायदा आला, ज्याने केवळ हिंदी माणसाला बंदुकीसाठी आणि तलवारीसाठी सरकारच्या दारात उभे केले. स्वातंत्र्यानंतरच्या कायद्याने तो वंशभेद टाकून दिला, परवान्याची चौकट मात्र ठेवली.

आजचा पेच शहरांतून आला आहे. पुण्यात कोयता टोळ्यांची दहशत वाढल्यावर 2023 मध्ये पोलिसांनी कोयता विकताना ग्राहकाचे आधार कार्ड घेण्यास विक्रेत्यांना सांगितले. अहिल्यानगर जिल्ह्यातही सण, यात्रा, निवडणुका आल्या की महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 37(1) खाली आदेश निघतात. तलवारी, भाले, बंदुका, सुरे, लाठ्या यांबरोबरच शारीरिक इजा करण्यास वापरता येईल अशी कोणतीही वस्तू बाळगण्यास या आदेशांनी मनाई होते, आणि या शेवटच्या शब्दांत शेतीचा कोयताही सापडतो. शस्त्र अधिनियमाने दिलेली सवलत अशा आदेशाने काही दिवसांपुरती झाकोळली जाते, आणि नेमक्या त्याच दिवसांत, दसरा-दिवाळीच्या सुमारास, टोळ्या रस्त्यावर असतात.

विक्रीच्या नोंदीने लोहाराच्या डोक्यावर कागदांचे ओझे पडते, पण पाच घरी पडून असलेल्या जुन्या पात्यांपैकी एक उचलणाऱ्या गुंडाला तिचा अडथळा होत नाही. त्याऐवजी बंदुकीसाठी घातलेली अट इथे अधिक उपयोगी पडेल. प्रवासात आणि बाजारात पाते गोणपाटात गुंडाळून सुतळीने बांधलेले असावे, फडात ते मोकळे व्हावे, आणि नाकाबंदीवरच्या शिपायाने मजुराला मुकादमाचे व कारखान्याचे नाव विचारावे. असे बांधलेले पाते झटकन उपसता येत नाही, म्हणून दुकानातला ग्राहक निर्धास्त राहतो, आणि ट्रॉलीत संसारावर बसलेल्या लेकरांच्या पायालाही धार लागत नाही. अनेक जाणत्या टोळ्यांमध्ये धारेवर चिंधी गुंडाळण्याची रीत कोणी न सांगताही चालत आलेली आहे.