दोन मोटारींची सायकल आणि व्होल्टचा घोळ

सायकलीच्या पुढच्या आणि मागच्या, दोन्ही चाकांत हब मोटार बसवायची म्हटली की पहिला सल्ला ठरलेला असतो : दोन्ही मोटारी एकाच व्होल्टच्या घ्या, म्हणजे झालं. कंट्रोलरसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि वायरसाठी लोहार चाळ पालथी घालणारी हौशी मंडळी हा सल्ला वेदवाक्य मानतात. तो पूर्ण चुकीचा नाही, पण आकडा भलत्याच जागी बघायला लावतो.

मोटारीवर छापलेले ३६ किंवा ४८ व्होल्ट ही तिची जात नव्हे. आत तांब्याचे वेढे आणि चुंबक असतात. जितके व्होल्ट द्याल, त्या प्रमाणात ती फिरते. ३६ व्होल्टला मिनिटाला २०० फेरे घेणारी मोटार ४८ व्होल्टला साधारण २६७ घेईल. २६ इंची चाकाचा घेर सुमारे २.०७ मीटर धरला, तर पहिला वेग ताशी २५ किलोमीटर येतो आणि दुसरा ३३. हा अर्थात चाक हवेत असतानाचा वेग. रस्त्यावर तो थोडा कमीच भरतो.

आता दुकानातल्या दोन मोटारी घ्या. दोन्हींवर ४८ व्होल्टच लिहिलंय, पण एक २०० आरपीएमची (मिनिटाला २०० फेऱ्यांची) आहे आणि दुसरी ३२० ची, म्हणजे मुळात लहान चाकासाठी गुंडाळलेली. सारख्या २६ इंची चाकांत बसवल्या तर एक ताशी २५ ला थांबते, दुसरी ४० पर्यंत जाते. फिरणारी मोटार स्वतःच बॅटरीच्या उलट दिशेने विद्युतदाब तयार करते. २५ च्या आसपास पहिलीचा हा उलटा दाब बॅटरीच्या बरोबरीला येतो आणि तिच्यात करंट जाणंच बंद होतं. त्यापुढे ती नुसतं वजन. ती गिअरवाली असेल तर आतल्या फ्रीव्हीलमुळे निदान मोकळी फिरते. बिनगिअरची असेल तर उलट ओढून धरते. म्हणजे ‘व्होल्ट जुळले’ आणि सायकल मात्र फसली. याउलट ३६ व्होल्टला २०० फेऱ्यांची आणि ४८ व्होल्टला २६७ फेऱ्यांची, अशा दोन ‘न जुळणाऱ्या’ मोटारी एकाच ४८ व्होल्टच्या बॅटरीवर छान जोडीने चालतात. जुळवायचा असतो तो आपल्या बॅटरीवर, आपल्या चाकात मिळणारा बिनभाराचा वेग. सायकल स्टँडवर चढवून दोन्ही चाकांचा वेग वेगवेगळा मोजला की खरी पत्रिका कळते.

मग व्होल्टला काहीच किंमत नाही? आहे, पण ती मोटार आणि बॅटरी यांच्या मधल्या डब्यासाठी, म्हणजे कंट्रोलरसाठी. मधल्या यंत्रणेचा सगळ्यात मोठा दाखला म्हणजे दादर-परळवरून रोज धावणारी मुंबईची लोकल. बोरीबंदर ते कुर्ला ही पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला सुटली ती १५०० व्होल्ट डीसीवर. पुढे वरची तार २५,००० व्होल्ट एसी झाली. पश्चिम रेल्वेचं काम २०१२ मध्ये, मध्यच्या मुख्य मार्गाचं २०१५ मध्ये आणि हार्बरचं २०१६ मध्ये संपलं. मधल्या काळात एकच लोकल दोन्ही तारांखाली धावत होती. मोटारी बदलत नव्हत्या. वरून येणारी वीज मोटारीच्या पचनी पाडायचं काम मधली यंत्रणा करत होती.

सायकलीत ते काम कंट्रोलरचं, आणि त्याला मात्र आकडा पाळावाच लागतो. ३६ व्होल्टची लिथियम बॅटरी पूर्ण चार्ज झाली की ४२ व्होल्ट दाखवते, ४८ ची ५४.६. स्वस्त ३६ व्होल्टच्या कंट्रोलरमध्ये पुष्कळदा ५० व्होल्टचेच कपॅसिटर असतात. झाकण काढून वाचा, त्यावर ५४.६ सोडणं म्हणजे धूर विकत घेणं. उलट बाजूने, ४८ चा कंट्रोलर साधारण ४० व्होल्टच्या आसपास बॅटरी संपली असं समजून बंद पडतो, तेव्हा ३६ च्या बॅटरीवर तो धड सुरूच होत नाही.

दोन मोटारींना दोन वेगळ्या बॅटऱ्या देण्यात गैर काही नाही. पण ‘एकत्र जोडल्या तर रेंज वाढेल’ म्हणून ३६ आणि ४८ च्या बॅटऱ्या समांतर जोडणं हा शुद्ध वेडेपणा आहे. मोठी बॅटरी लहानीत बेलगाम करंट ओतते, लहानीचे सेल मर्यादेपलीकडे चार्ज होतात आणि आग लागते. चाळीच्या जिन्याखाली तर नकोच नको.

हँडलवरचं एकच थ्रॉटल दोन्ही कंट्रोलरना द्यायचं असेल तर सिग्नलची आणि काळी वायर दोघांना जाते, ५ व्होल्टची लाल मात्र एकाच कंट्रोलरकडून घ्यायची. इथे एक छुपा धोका असतो. एखाद्या कंट्रोलरकडे जाणारी बॅटरीची जाड निगेटिव्ह वायर सैल झाली, तर मोटारीचा सगळा करंट थ्रॉटलच्या त्या बारीक काळ्या वायरमधून परतायला बघतो आणि ती जळते. आपल्या रस्त्यांवरचे खड्डे बघता ते कनेक्टर घट्ट ठेवलेले बरे.

दोन मोटारी म्हणजे दुप्पट वेग नव्हे, आणि दुप्पट बॅटरीही खर्च होत नाही. चौपाटीवरून वाळकेश्वरचा चढ चढताना एकाच मोटारीचं ओझं दोघींत वाटलं, तर प्रत्येकीचा करंट निम्मा होतो. तांब्यातली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणून दोघींची मिळून ती साधारण निम्मीच राहते. खरा फायदा हा. मात्र १५-१५ अँपिअरचे दोन कंट्रोलर २० अँपिअरच्या बीएमएसवर (बॅटरीतल्या संरक्षक सर्किटवर) लावले, तर ऐन चढावर सगळंच बंद पडेल. पावसाळ्यात ओल्या पेव्हर ब्लॉकवर पुढचं चाक जोर लावताना सटकतं, म्हणून पुढची ताकद कमी ठेवावी आणि फोर्कला मोटारीचा आस फिरू न देणारा टॉर्क आर्म लावावा.

शेवटचा गैरसमज कायद्याचा : ‘प्रत्येक मोटार २५० वॅटची, मग लायसन्स कशाला?’ केंद्रीय मोटार वाहन नियमांतली सूट ३० मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरीशिवाय वजन ६० किलोपर्यंत असलेल्या वाहनाला आहे. २५० च्या दोन मोटारी म्हणजे ५०० वॅट, आणि सूट संपली. त्यापुढे नोंदणी, विमा, लायसन्स आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची मान्यता लागते. घरी जोडलेल्या सायकलीकडे ती नसते, त्यामुळे ताडदेवच्या आरटीओत तिला नंबर मिळणार नाही.